मुलांच्या गावी पाच किलोमीटर

परदेशी मुक्कामात ज्येष्ठांनी छोट्या शर्यतीत उतरावे का, आणि उतरायचे असल्यास नागपुरातूनच कोणती तयारी करावी?

धरमपेठ असो की महाल, लक्ष्मीनगर असो की मनीषनगर, नागपुरातील अनेक घरांत आज एक दृश्य सारखेच दिसते. घरात दोघेच ज्येष्ठ राहतात आणि मुलगा किंवा मुलगी सातासमुद्रापलीकडे असते. वर्षा-दोन वर्षांनी आई-वडील चार-सहा महिन्यांसाठी तिकडे जातात. नातवंडांचा सहवास लाभतो, मन तृप्त होते. मात्र या सुखाची एक बाजू सहसा बोलून दाखवली जात नाही. येथे पहाटे अंबाझरीला किंवा सेमिनरी हिल्सवर नेमाने फेरी मारणारे पाय तिकडे गेल्यावर घरातच अडकतात. बाहेर थंडी असते, रस्ते अनोळखी असतात, गाडी चालवता येत नाही आणि शेजारी हाक मारणारे कोणी नसते. मुले कामाला गेली की दिवस खिडकी आणि दूरदर्शन संच यांच्यामध्ये सरतो. परत येईपर्यंत गुडघे आखडतात, वजन वाढते, रक्तातील साखर हाताबाहेर जाऊ लागते आणि आत्मविश्वास कमी होतो.

अशा मुक्कामात एखाद्या शुक्रवारी रात्री मुलगी सहज विचारते, “बाबा, आई, उद्या सकाळी आमच्याबरोबर पाच किलोमीटरला येता का?” पहिला प्रतिसाद बहुधा ठरलेला असतो, “आता या वयात शर्यत?” वाचकहो, या प्रश्नाला घाईने नकार देऊ नये आणि घाईने होकारही देऊ नये. प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

ही शर्यत कसली असते?

शर्यत म्हटले की छातीवर क्रमांक लावून जिवाच्या आकांताने पळणारे तरुण डोळ्यांसमोर येतात. परदेशातील छोट्या सामुदायिक शर्यतींचे स्वरूप मात्र पुष्कळदा आपल्याकडील प्रभातफेरीच्या जवळचे असते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘पार्करन’. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनजवळच्या बुशी पार्क या उद्यानात पॉल सिंटन-ह्यूइट यांनी आपल्या परिचितांसाठी वेळ मोजून धावण्याचा एक छोटा कार्यक्रम ठेवला. त्या दिवशी केवळ १३ जण धावले. आज हा उपक्रम इंग्लंडपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आणि अमेरिका, कॅनडा, सिंगापूर यांसह वीसहून अधिक देशांत चालतो.

त्याचे नियम साधे आहेत. दर शनिवारी सकाळी, एखाद्या बागेत किंवा मोकळ्या जागी, पाच किलोमीटर अंतर असते. प्रवेशशुल्क नसते. संकेतस्थळावर एकदाच नोंदणी करावी लागते, त्यातून स्वतःचा बारकोड मिळतो आणि तो छापून किंवा मोबाइलवर सोबत न्यावा लागतो. सारी व्यवस्था स्वयंसेवक पाहतात. ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे चालणाऱ्यांचे येथे स्वागत होते, वेळेची मर्यादा नसते आणि एक स्वयंसेवक मुद्दाम सर्वांच्या मागून चालतो. त्यामुळे आपण कितीही सावकाश चाललो तरी शेवटचा क्रमांक आपला येत नाही, तो त्या स्वयंसेवकाचा असतो. २०१८ मध्ये ब्रिटनमधील कुटुंबवैद्यांच्या राष्ट्रीय संस्थेने या उपक्रमाशी सहकार्य सुरू केले आणि दवाखान्यांनी आपल्या परिसरातील पार्करनशी जोडून घेऊन रुग्णांना तिकडे जाण्यास सुचवावे अशी योजना आखली. एकाकीपणा आणि बैठे जीवन या दोन्ही दुखण्यांवर हा एकच उतारा चालतो, असा त्यामागचा विचार होता.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या ‘थँक्सगिव्हिंग’ सणाच्या सकाळी गावोगावी ‘टर्की ट्रॉट’ नावाच्या शर्यती होतात. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात १८९६ मध्ये सुरू झालेली अशी सुमारे आठ किलोमीटरची शर्यत आजही होते. दुपारी पोटभर जेवण्यापूर्वी सहकुटुंब धावून किंवा चालून यायचे, अशी ही प्रथा आहे. अशा शर्यतींना बहुधा शुल्क असते आणि काही ठिकाणी वेळेचे बंधनही असते, म्हणून नाव नोंदवण्यापूर्वी नियम नीट वाचून घ्यावेत.

दुःखातून उठलेली पावले

परदेशी मुलाकडे राहायला गेलेल्या वृद्धाने तेथेच धावायला लागावे, याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे फौजा सिंग. पंजाबातील जालंधरजवळच्या बिआस पिंड या गावचे हे शेतकरी. पारपत्राप्रमाणे त्यांचा जन्म १ एप्रिल १९११ चा. १९९२ मध्ये पत्नी गेली आणि १९९४ मध्ये एका मुलाचा अपघाती मृत्यू झाला. खचलेले फौजा सिंग इंग्लंडमध्ये दुसऱ्या मुलाकडे राहायला गेले. भाषा परकी, गाव परके आणि मनात दुःखाचे ओझे. अशा अवस्थेत त्यांनी चालण्या-धावण्याचा आधार घेतला. वयाच्या ८९ व्या वर्षी, २००० मध्ये, ते लंडन मॅरेथॉन धावले. १६ ऑक्टोबर २०११ रोजी, शंभर वर्षांचे असताना, त्यांनी टोरांटोची मॅरेथॉन ८ तास ११ मिनिटांत पूर्ण केली. जन्मदाखला नसल्यामुळे गिनीजच्या नोंदवहीत त्यांचे नाव आले नाही, त्याची त्यांनी फिकीर केली नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत हाँगकाँगमध्ये दहा किलोमीटरची शर्यत धावून त्यांनी स्पर्धांना विराम दिला, चालणे मात्र सोडले नाही. १४ जुलै २०२५ रोजी आपल्या गावी रस्ता ओलांडताना वाहनाच्या धडकेने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या मॅरेथॉनचे अनुकरण आपण करायचे नाही. घ्यायचे ते एवढेच की परक्या देशात आलेल्या वृद्धाला स्वतःचे असे एक काम आणि भेटीची एक ठरलेली वेळ मिळाली, तर मनाची उभारी परत येऊ शकते. त्यांच्या मृत्यूतूनही एक व्यावहारिक धडा घ्यावा. पायी फिरणाऱ्या ज्येष्ठाला रस्त्यावरील वाहनांचा धोका फार मोठा असतो. अमेरिका, कॅनडा, जर्मनी या देशांत वाहने उजव्या बाजूने चालतात. रस्ता ओलांडताना आपली नजर सवयीने आधी उजवीकडे जाते आणि वाहन डावीकडून येते. म्हणून तेथे दोन्ही बाजूंना दोनदा पाहावे, सिग्नलवरच ओलांडावे आणि पहिले काही दिवस कोणाच्या तरी सोबतीनेच बाहेर पडावे.

मराठी माणसाने परदेशी जाऊन धावणे तसे नवे नाही. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. आणि उतारवयात धावण्याचे नाव काढले की लता भगवान करे यांची आठवण येतेच. २०१४ मध्ये बारामतीत ज्येष्ठांच्या तीन किलोमीटर शर्यतीत त्या नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पतीच्या तपासणीसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या धावल्या. त्यांना निवड नव्हती. आपल्याला मात्र ती आहे. आपण बूट घालून, तपासणी करून, सावकाश जाऊ शकतो. हे आपले भाग्यच म्हणावे.

तिकीट काढण्याआधी तपासणी

पासष्टीपुढील व्यक्तीने अनेक वर्षांत धावणे केले नसेल, तर प्रथम आपल्या वैद्यांची भेट घ्यावी. रक्तदाब, रक्तातील साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी ही प्राथमिक तपासणी करावी. मधुमेह, उच्च रक्तदाब, पूर्वीचा हृदयविकार, धाप लागणे किंवा चढ चढताना छातीत जडपणा जाणवणे यांपैकी काही असेल, तर पुढील चाचण्यांचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांवर सोपवावा. छातीत दुखण्याचा त्रास नव्याने सुरू झाला असेल किंवा वाढला असेल, तर शर्यतीचा विचार सध्या बाजूला ठेवावा.

औषधांविषयीही विचारून घ्यावे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामाने अचानक उतरू शकते. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉल घेणाऱ्यांच्या नाडीचे ठोके श्रमानेही फारसे वाढत नाहीत, त्यामुळे मनगटावरील घड्याळाच्या आकड्यांवरून आपण किती दमलो याचा अंदाज त्यांनी बांधू नये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर शरीरातील पाणी लवकर कमी होते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना पडल्यास अंतर्गत रक्तस्रावाचा धोका अधिक असतो. कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये किंवा कमी-जास्त करू नये.

घरच्या घरी एक सोपी चाचणी करता येते. पाठ टेकण्याच्या खुर्चीत बसावे. उठून तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट, नेहमीच्या चालीने चालावे, वळावे, परत येऊन बसावे. घरच्या व्यक्तीने घड्याळ लावून शेजारी उभे राहावे. यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागत असेल, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजावे. अशा वेळी शर्यतीआधी फिजिओथेरपिस्टकडून तोल आणि पायांची ताकद यांवर काम करून घ्यावे.

नागपुरातील दहा आठवडे

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम करावा. पाच किलोमीटरची तयारी म्हणजे हेच मार्गदर्शन शिस्तीने पाळणे होय.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून पाच दिवस, वीस मिनिटे सपाट रस्त्यावर चालावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीस मिनिटे करावीत. पाचव्या-सहाव्या आठवड्यात चाळीस. या टप्प्यावर गुडघे आणि वैद्य दोघांची संमती असेल, तर चार मिनिटे चालणे आणि एक मिनिट हलके धावणे असा क्रम ठेवावा. संमती नसेल तर केवळ चालावे, त्यात काही उणे नाही. सातव्या-आठव्या आठवड्यात एक दिवस पन्नास मिनिटांची फेरी करावी. नवव्या आठवड्यात एकदा पूर्ण पाच किलोमीटर सावकाश करून पाहावे. दहाव्या आठवड्यात श्रम निम्म्यावर आणावेत आणि प्रवासाची तयारी करावी. ४०० मीटरच्या धावपट्टीवर साडेबारा फेऱ्या म्हणजे पाच किलोमीटर होतात. ताशी साडेचार ते पाच किलोमीटर वेगाने या अंतराला साधारण एक तास ते सत्तर मिनिटे लागतात.

वेग ठरवण्याची जुनी आणि खात्रीची खूण म्हणजे आपले बोलणे. चालताना सोबत्याशी सलग बोलता यावे, गाणे मात्र म्हणता येऊ नये. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर वेग कमी करावा.

आठवड्यातून दोन दिवस खुर्चीतून हात न टेकता उठण्या-बसण्याचा व्यायाम दहा-दहा वेळा करावा. मांडीचे पुढचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरील ताण हलका होतो. ओट्याला धरून टाचा उचलणे, एका पायावर काही क्षण उभे राहणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल टेकवत चालणे यांनी तोल सुधारतो.

आपल्या शहराचे हवामान ध्यानात घेणे आवश्यक आहे. उन्हाळा टाळण्यासाठी एप्रिल-मे मध्ये परदेशी जाणाऱ्यांची तयारी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येते. मार्चनंतर नागपूरचे ऊन पाहता सूर्य वर येण्याआधीच फेरी आटोपावी. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जात असताना सरावाचा हट्ट धरू नये. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर चालण्यापेक्षा घरातल्या लांब व्हरांड्यात किंवा गच्चीच्या जिन्याखाली आच्छादित जागी फेऱ्या घालाव्यात. फुटाळ्याच्या काठचा रस्ता किंवा जवळचे क्रीडांगण सपाट चालण्यास बरे. सेमिनरी हिल्सचे चढ सातव्या आठवड्यानंतर, आणि तेही वैद्यांनी मुभा दिली असेल तरच.

प्रवास आणि पहिला आठवडा

लांबच्या विमानप्रवासात पाय तासन्‌तास लोंबते राहिल्याने पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते. दर तास-दीड तासाने उठून चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे. पूर्वी अशी गुठळी झालेली असेल, तर प्रवासाआधीच वैद्यांना सांगावे. सर्व औषधे हातातील पिशवीत ठेवावीत आणि औषधांच्या मूळ नावांसह वैद्यांची चिठ्ठी जवळ बाळगावी, कारण आपल्याकडील गोळ्यांची व्यापारी नावे तिकडे ओळखू येत नाहीत.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ ते साडेदहा तासांनी मागे असते. शरीराचे घड्याळ जुळण्यास आठवडाभराहून अधिक अवधी लागू शकतो. झोप आणि भूक जाग्यावर येईपर्यंत शर्यत नको. औषधांच्या वेळा नव्या घड्याळाप्रमाणे कशा बसवायच्या, हे निघण्यापूर्वीच लिहून घ्यावे. विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी यात कुचराई करू नये.

प्रवासविम्याची कागदपत्रेही मुलांनी नीट वाचावीत. आधीपासून असलेल्या आजारांचा खर्च त्यात येतो का आणि सामुदायिक शर्यतीत सहभाग घेतल्यास संरक्षण लागू राहते का, हे विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्यावे. परदेशातील एका रात्रीचे रुग्णालय कुटुंबाची पुंजी हलवू शकते.

शर्यतीची सकाळ

आदल्या रात्री नेहमीचेच साधे जेवण घ्यावे. सकाळी सुरुवातीच्या दीड-दोन तास आधी हलके खावे. एखादे केळे, टोस्ट किंवा थोडे साधे पोहे पुरेत. आपले तर्रीपोहे मात्र शर्यतीनंतरच्या आनंदासाठी राखून ठेवावेत. मधुमेहींनी निघण्यापूर्वी साखर तपासावी, खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा खडीसाखर ठेवावी. हात थरथरणे, दरदरून घाम येणे, गोंधळल्यासारखे वाटणे अशी लक्षणे दिसताच थांबून ती खावी.

थंड हवेत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. म्हणून एका जाड कपड्याऐवजी दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत, कान झाकावेत आणि आरंभापूर्वी दहा मिनिटे हळूहळू चालून अंग गरम करावे. भगिनींनी पायांत न अडकणारा सलवार-कमीज किंवा पँट घालावी. बूट नवे नसावेत, नागपुरातच पायांना सवय झालेले असावेत. पानझडीच्या दिवसांत ओल्या पानांवरून पाय घसरतो, तेथे गती कमी करावी. आरंभरेषेवर सर्वांच्या मागे उभे राहावे, म्हणजे वेगाने धावणाऱ्यांचा धक्का लागत नाही.

छातीवर दाब किंवा जळजळ, जबडा, पाठ वा डाव्या हातात कळ, एकाएकी धाप, थंड घाम, चक्कर, छातीत धडधड, मळमळीसह असाधारण थकवा, यांपैकी काहीही जाणवले तर त्याच जागी थांबावे आणि जवळच्या स्वयंसेवकाला हात करून सांगावे. स्त्रियांमध्ये हृदयविकाराचा झटका कित्येकदा छातीत न दुखता केवळ थकवा आणि मळमळ या रूपाने येतो. “आता थोडेच उरले आहे” हा विचार अशा क्षणी जिवावर बेतू शकतो. तातडीच्या मदतीसाठी ब्रिटनमध्ये ९९९, अमेरिका व कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ०००, युरोपातील बहुतेक देशांत ११२ आणि सिंगापुरात रुग्णवाहिकेसाठी ९९५ हे क्रमांक आहेत. आपले नाव, आजार, औषधे आणि मुलांचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी.

मुलांसाठी

मुला-मुलींनो, आई-वडिलांच्या बाबतीत दोन टोकांच्या चुका घडतात. एक म्हणजे भीतीपोटी सर्व बंद करणे, “तुम्ही घरीच बसा, उगाच पडाल” असे म्हणणे. सततच्या बसण्याने स्नायू झिजतात आणि पडण्याची शक्यता उलट वाढते. दुसरी चूक म्हणजे कौतुकापोटी ढकलणे. छायाचित्रासाठी, मित्रांना दाखवण्यासाठी वडिलांना वेग वाढवायला लावू नये. पाच किलोमीटर त्यांच्या चालीने त्यांच्या शेजारून चालावे. आपली वेळ सुधारायची असल्यास ती पुढच्या शनिवारी सुधारावी. दीड किलोमीटरनंतर आई म्हणाली, “आता पुरे”, तर तिला हसतमुखाने बाकावर बसवून सोबत थांबावे.

ज्यांना चालणे शक्य नाही, त्यांनाही या मेळ्यात जागा आहे. पार्करनमध्ये पोहोचणाऱ्यांना क्रमांकाचे टोकन देणे, बारकोड वाचणे, वळणावर उभे राहून टाळ्या वाजवणे ही कामे स्वयंसेवकच करतात. इंग्रजी मोडकीतोडकी असली तरी टाळीला भाषा लागत नाही. आठ दिवसांनी तीच माणसे पुन्हा भेटतात, नावाने हाक मारतात आणि त्या परक्या गावात आई-वडिलांची स्वतःची ओळख तयार होते. ‘अमक्याचे बाबा’ एवढीच ओळख उरलेल्या माणसाला याचे मोल किती असते, हे मुलांना कदाचित उशिरा कळेल.

परतल्यानंतर

मुक्काम संपवून नागपूरला आल्यावर हा नेम तुटू देऊ नये. प्रवासाचा शीण गेला की वैद्यांकडे रक्तदाब आणि साखर पुन्हा तपासावी, जाण्यापूर्वीच्या आकड्यांशी ताडून पाहावी. मग शनिवारची तीच वेळ ठरवून वस्तीतील दोन-चार समवयस्कांना सोबत घ्यावे. एका वहीत तारीख, अंतर आणि लागलेला वेळ लिहावा. सर्वांत मागून कोणी चालायचे, हे दर शनिवारी आळीपाळीने ठरवावे. जो मागून चालेल त्याने एवढेच पाहायचे, की आपल्यापैकी कोणी एकटा मागे राहिलेला नाही.